गावाला पैसा द्या, निर्णयही द्या: काटोलच्या तरुणांसाठी खर्चाचा हिशेब

काटोल-नरखेड पट्ट्यातली मुले शिकून नागपूर, पुणे, हैदराबादला नोकरीला लागतात. चार पगार हाती आले की गावासाठी काहीतरी करावे असे वाटतेच. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप तयार होतो, महिन्याला पाचशे रुपये ठरतात आणि पहिल्याच दिवाळीत शाळेत वह्या-दप्तरे वाटली जातात. फोटो निघतात, चौकात फ्लेक्स लागतो. दुसऱ्या वर्षी हप्ते थकू लागतात. वह्या हव्यात असे गावाने कधी सांगितलेलेच नसते. बेड्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, पोरांना शाळेच्या रस्त्यावर नाल्यावर मोरी हवी असते, मजूर बायांना जातीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा थांबायला हव्या असतात. त्यांना कोणी विचारलेले नसते.

हा लेख अशा तरुणांसाठी आहे ज्यांना आता वेगळे काही करायचे आहे: पैसा आपण गोळा करू, पण तो कशावर खर्च व्हावा हे गावाने ठरवावे. त्यातही ज्यांचा आवाज सभेत कधी ऐकू येत नाही त्यांनी ठरवावे. हे करायला किती खर्च येतो, तो कुठे वाचवता येतो आणि कुठे मुळीच वाचवू नये, ते पुढे दिले आहे. सरकारी नियम आणि दर जसे आहेत तसे सांगितले आहेत. मजुरी, चहा, मानधन यांचे बाकीचे आकडे नियोजनासाठी आहेत. ते तुमच्या गावच्या दराने बदलून घ्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. निर्णयात वाटा देणे फुकट होत नाही. सभेला येणाऱ्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. तो खर्च तुम्ही धरला नाही तर तो ती भरते, किंवा येतच नाही. मग निर्णय पुन्हा ज्यांना वेळ परवडतो त्यांच्याच हातात जातो.

हे कुठे झाले आहे?

विदर्भाला ही कल्पना परकी नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने रीतच पाडली: गावाचा निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा, आणि त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे या बैठकांची बरीच वर्षे होती. गडचिरोलीतच ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये तरुणांसाठी ‘निर्माण’ सुरू केले. शिकलेल्या मुलामुलींनी समाजाचे प्रश्न जागेवर जाऊन समजून घ्यावेत, हा त्याचा गाभा. आपल्या शेजारच्या नरखेड तालुक्यातले उमठा २०१८ च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात तिसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसाचे मानकरी ठरले, ते गावाने स्वतः फावडी उचलली म्हणून.

बाहेरचे एक उदाहरण खर्चाच्या दृष्टीने फार शिकवते. ऑस्ट्रियातल्या मार्लेन एंगेलहॉर्न या तरुणीला आजीकडून मोठा वारसा मिळाला. २०२४ मध्ये तिने त्यातले २ कोटी ५० लाख युरो कुठे द्यायचे हे स्वतः ठरवायला नकार दिला. देशभरातल्या १०,००० लोकांना पत्रे गेली आणि समाजाच्या सगळ्या थरांतून ५० जणांची परिषद निवडली गेली. सहा शनिवार-रविवार बसून त्यांनी ७७ संस्था ठरवल्या. प्रत्येक सदस्याला एका शनिवार-रविवारचे १,२०० युरो मिळाले, प्रवास आणि मुलांच्या सांभाळाची सोयही झाली. वेळ देणाऱ्याला मोबदला, ही त्या साऱ्या व्यवस्थेची पहिली अट होती. आपल्या पाचशे-पाचशेच्या निधीलाही ती तितकीच लागू आहे.

पैसा कुठे ठेवायचा: सहा मार्ग

बहुतेक गट पहिल्याच महिन्यात ट्रस्ट नोंदवायला धावतात. माझा आग्रह आहे की पहिल्या वर्षी ते टाळा. गावात कायद्याने उभ्या असलेल्या, खाते आणि वह्या असलेल्या संस्था आधीच आहेत. त्या तपासा.

१. नुसता मित्रगट. नोंदणीचा खर्च शून्य. धोका मात्र मोठा. सगळे पैसे एकाच मित्राच्या खात्यात यूपीआयने जमा होत राहिले तर प्राप्तिकराचा प्रश्न येतो: नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून आली तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. शिवाय गटाबाहेर, बाजारात फिरून सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते. गणेश मंडळे घेतात तीच ही परवानगी. मित्रांपुरता गट ठेवायचा असेल तर पैसा एकाकडे न साठवता प्रत्येकाने पुढच्या मार्गांपैकी एखाद्या संस्थेच्या खात्यात थेट भरावा आणि पावती घ्यावी.

२. महिला ग्रामसंघ. ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांचा गावपातळीवरचा संघ. खाते आहे, महिन्याची बैठक ठरलेली आहे, हिशेबाची वही आहे आणि निर्णय घेण्याची सवय आहे. नोंदणी, खाते यांचा वेगळा खर्च नाही. माझ्या मते पहिल्या निधीसाठी काटोल तालुक्यात यापेक्षा चांगली सुरुवात नाही. एक खबरदारी घ्या. बेड्यावरच्या किंवा सर्वांत गरीब घरच्या बाया गटात आहेत का ते विचारा. नसतील तर त्यांच्यासाठी वेगळी जागा ठेवावी लागेल.

३. शाळा व्यवस्थापन समिती. काम शाळेचे असेल तर हीच. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार हिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. खर्च शून्य. मुख्याध्यापकांकडे इतिवृत्त वही मागा. गेल्या वर्षभरात किती बैठका झाल्या आणि कोणी बोलले, हे तिथेच कळते.

४. ग्रामपंचायतीचा ग्रामनिधी. देणगी पंचायतीच्या खात्यात जाते, पावती मिळते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) व्यवहार पाहतात. रस्ता, पाणी, दिवे यांसारखी कामे इथून सोपी जातात. देणगी कोणत्या कामासाठी आहे याचा ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय पैसे भरू नका. या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळेल हे गृहीत धरू नका.

५. एखाद्या जुन्या, नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली. नागपुरातली किंवा काटोलमधली ओळखीची संस्था तुमच्या निधीसाठी वेगळी खातेवही ठेवते, पावत्या देते, लेखापरीक्षण करते. त्याबदल्यात काही टक्के व्यवस्थापन खर्च घेते. ५ ते १० टक्के वाजवी समजा. आधी लेखी करार करा: निधी कशावर खर्च होणार हे गावाचा गट ठरवेल, संस्था फक्त कायद्याची चौकट पाहील.

६. स्वतःची संस्था. खर्च सर्वांत जास्त, जबाबदारीही. पुढे सविस्तर.

काटोल शहरात राहत असाल तर ग्रामसभा नाही, पण वस्त्यांमध्ये बचत गटांचे वस्तीस्तर संघ असतात. त्यांच्याकडे मार्ग क्रमांक दोनसारखेच पाहा.

निर्णय वाटून घेण्याचे अंदाजपत्रक

समजा, तुम्ही ४० मित्र महिन्याला ५०० रुपये देता. वर्षाचे झाले २,४०,००० रुपये. त्यातले १५ टक्के, म्हणजे ३६,००० रुपये, निर्णयप्रक्रियेसाठी बाजूला काढा. ते असे लागतात:

- निधी कशावर खर्च करायचा ते ठरवणारा १२ जणांचा कारभारी गट, वर्षात ६ बैठका, प्रत्येकाला अर्ध्या दिवसाचे १६० रुपये: ११,५२० रुपये
- बैठकीच्या वेळी लहान मुले सांभाळणाऱ्या बाईचे २०० रुपये, ६ वेळा: १,२०० रुपये
- चहा-पोहे, १५ माणसे, माणशी ३० रुपये, ६ वेळा: २,७०० रुपये
- दोन मोठ्या सभा, एक सुरुवातीला आणि एक हिशेबाची. माईक, सतरंज्या, चहा: ६,००० रुपये
- चौकातला हिशेबाचा फळा, पावतीपुस्तके, वह्या: ४,००० रुपये
- गावकऱ्यांचा काटोल-नागपूरचा प्रवास: ३,००० रुपये
- हिशेब लिहिणाऱ्या गावातल्या मुलीचे किंवा मुलाचे मानधन, महिना ५०० रुपये: ६,००० रुपये
- किरकोळ: १,५८० रुपये

कामासाठी उरतात २,०४,००० रुपये.

१६० रुपये कुठून आले? महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्याचा अर्धा दिवस वरच्या आकड्यावर पूर्ण केला आहे. तुमच्या गावात कापूस वेचणीला किंवा संत्रा तोडणीला जास्त मिळत असेल तर तोच दर धरा, त्याखाली जाऊ नका. आणि सगळ्यांना सारखे द्या. बागायतदार सदस्य म्हणेल की मला नको, तर त्याने सही करून ते निधीत परत जमा करावे. ‘गरजूंनाच द्या’ असे ठरवले की घेणाऱ्याच्या कपाळावर गरजू असा शिक्का बसतो आणि तो माणूस पुढच्या बैठकीला तोंड उघडत नाही.

मुलांच्या सांभाळाचे बाराशे रुपये पाहून काही मित्र हसतील. एखाद्या बैठकीत दाराजवळ बसलेल्या बाईकडे नीट पाहा. मांडीवर एक, पदर ओढणारे दुसरे. विषय मोरीचा निघतो तेव्हा नेमकी ती बाहेर जाते, कारण पोर रडते. तिचा निर्णयातला वाटा तिथेच संपतो. वरच्या यादीतली सर्वांत स्वस्त ओळ हीच आहे आणि सर्वांत जास्त परतावा हीच देते.

महिलांना एसटीत १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. काटोल ते नागपूर साधारण साठ किलोमीटरच्या फेऱ्यांचा खर्च आखताना हे धरा. सभेला बोलावण्यासाठी फ्लेक्स छापू नका. दवंडी आणि घरोघर निरोप स्वस्त पडतो, आणि तो बेड्यापर्यंत पोहोचतो. फ्लेक्स फक्त चौकातच पोहोचतो.

कारभारी गटात कोण?

बारा जणांपैकी किमान सहा बाया असाव्यात. दोन जण बेड्यावरचे किंवा भूमिहीन कुटुंबातले, दोघे पंचविशीच्या आतले आणि गावातच राहणारे. पैसे देणाऱ्या मित्रांपैकी जास्तीत जास्त दोघे, आणि त्यांना नकाराधिकार नाही. ही अट ज्या मित्राला पचत नाही त्याने निधीत न येता स्वतःच्या नावाने स्वतंत्र देणगी द्यावी. त्यात वाईट काही नाही. फक्त त्याला गावाचा निधी म्हणू नये.

सत्ता नेमकी कुठे असते ते ओळखा. विषयपत्रिका कोण लिहितो, धनादेशावर सही कोणाची आणि ‘नाही’ म्हणायचा अधिकार कोणाला, या तीन ठिकाणी ती असते. तिन्ही ठिकाणी गावचे माणूस हवे. खात्यावर तीन सह्या नोंदवा, त्यातल्या कोणत्याही दोन लागतील, आणि त्या दोघांपैकी एक बाई असलीच पाहिजे, असा ठराव करा. नवी सही नोंदवायला बँकेत ओळखपत्रे आणि ठरावाची प्रत एवढे पुरते.

पैसे देणाऱ्यांनी करायचा एक छोटा करार खाली आहे. साध्या कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या:

‘आम्ही या वर्षी अमुक रक्कम देणार. ती कशावर खर्च करायची ते कारभारी गट ठरवील. निवडलेले काम आम्हाला पटले नाही तरी पैसे थांबवणार नाही. काम बेकायदा असेल तरच थांबवू आणि कारण लेखी देऊ. फलकावर कोणाचेही नाव लागणार नाही. लाभ घेणाऱ्यांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकणार नाही. हप्ता थांबवायचा असेल तर तीन महिने आधी कळवू.’

शेवटचे वाक्य गाळू नका. पैसा अचानक थांबण्याची भीती डोक्यावर असली की गाव खरे बोलत नाही. देणाऱ्याला आवडेल तेच मागते.

बैठक कधी ठेवायची?

बैठकीची तारीख नोकरदारांच्या रविवारावर नाही, शेताच्या कामावर ठरते. आंबिया बहाराचा संत्रा साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तोडणीला येतो आणि मृग बहाराचा फेब्रुवारी ते एप्रिल. ऑक्टोबर ते जानेवारी कापसाची वेचणी. जून-जुलै पेरणीचे. मोठी सभा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किंवा मे महिन्यात, जेवणे आटोपल्यावर घ्या. वेचणीच्या दिवसांत बैठक लागलीच तर पूर्ण दिवसाची मजुरी धरा, कारण तेव्हा अर्धा दिवस बुडाला की ठेकेदार दुसऱ्या दिवशी नेत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी तर बैठक ठेवूच नका.

ग्रामसभेशी सांगड घाला. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास ग्रामसभा होतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी माणसे लागतात. नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणे बंधनकारक आहे. तुमच्या निधीचा विषय आधी महिला सभेत मांडा. तिथला ठराव ग्रामसभेत सरपंचांनाही सहज बाजूला सारता येत नाही. गावाच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्याची प्रतही मागून घ्या. जे काम आराखड्यात आहे आणि ज्याला सरकारी पैसा येणार आहे, त्यावर मित्रांचे पैसे घालू नका. सरकारी पैसा मिळवून देण्यासाठी लागणारी कागदपत्रे, मोजणी, फेऱ्या यांवर पाच हजार खर्च केले तर कधी कधी गावाला त्याच्या कितीतरी पट मिळते.

स्वतःची संस्था काढायची तर

एक पूर्ण वर्ष गावाबरोबर काम केल्यानंतर, गावानेच सुचवले तर हा मार्ग घ्या. महाराष्ट्रात रूढ रस्ता असा: संस्था नोंदणी कायदा १८६० खाली किमान सात सदस्यांची संस्था, आणि सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली न्यास म्हणून नोंदणी. दोन्ही कामे नागपूरच्या धर्मादाय कार्यालयात होतात. सात जणांमध्ये गावात राहणारे किमान चार असावेत. नोंदणीनंतर नावे बदलता येतात, पण प्रत्येक बदलाचा अहवाल ९० दिवसांत द्यावा लागतो आणि त्याचाही खर्च असतो. म्हणून नावे पहिल्याच वेळी विचारपूर्वक घाला.

खर्च असा धरा:

- सरकारी फी: नाममात्र. नोंदणीत खरा पैसा इथे जात नाही.
- वकील किंवा सल्लागार: ठरलेले दरपत्रक नाही. १५,००० ते २५,००० बाजूला ठेवा, तीन ठिकाणी लेखी कोटेशन घ्या, आणि त्यात टंकलेखन, प्रतिज्ञापत्रे, फेऱ्या आहेत की नाहीत हे विचारा.
- पॅन: शंभर रुपयांच्या आसपास.
- प्राप्तिकरातली १२ ए (संस्थेच्या उत्पन्नाला सवलत) आणि ८० जी (देणगीदाराला सवलत) नोंदणी: सरकारी फी नाही. अर्ज ऑनलाइन. सीएचे मानधन धरा. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा मुदत संपायच्या सहा महिने आधी, यांतले जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीचा अर्ज करावा लागतो. ही तारीख फळ्यावर लिहून ठेवा, बऱ्याच छोट्या संस्था इथेच अडकतात.
- दरवर्षी: लेखापरीक्षण आणि विवरणपत्रासाठी ५,००० ते १५,००० रुपये. हे कायमचे आहे, संस्था झोपलेली असली तरी.
- नीती आयोगाच्या ‘दर्पण’वरील नोंदणी: मोफत.

नवा आयकर कायदा २०२५ लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलले आहेत. सीएला स्पष्ट विचारा: ‘८० जी म्हणता ते आता कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या अर्जाने?’ उत्तर देताना जो अडखळतो त्याच्याकडे काम देऊ नका.

देणगीदार मित्रांना सांगायचे दोन मुद्दे. ८० जी ची सवलत सर्वसाधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर मिळते, आणि ती जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली निवडणाऱ्या नोकरदाराला तिचा उपयोग नाही. दुसरे, २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत नाही. तुमच्या ४० मित्रांपैकी किती जण जुन्या प्रणालीत आहेत ते आधी विचारा. आकडा पाचच्या आत आला तर केवळ ८० जी साठी संस्था काढण्यात अर्थ नाही. छत्र देणारी संस्था ते काम करील.

परदेशातले भाऊबंद आणि कंपन्यांचा पैसा

अमेरिकेत किंवा दुबईत असलेला काटोलचा मुलगा भारतीय पासपोर्ट बाळगून असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे देत असेल, तर ती परदेशी देणगी समजली जात नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय कार्ड असले तरी, तर त्याचे पैसे परदेशी देणगीत मोडतात आणि त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. तिला साधारणतः तीन वर्षांचे काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए असलेल्या संस्थेला तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणून ‘आमच्या एफसीआरए खात्यातून फिरवून देतो’ असे कोणी म्हटले तर लांब राहा.

बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वरच्या कारखान्यांचा सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी सगळ्यांना दिसतो. ५०० कोटी निव्वळ संपत्ती, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यांतले एक ओलांडणाऱ्या कंपनीला सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम द्यावी लागते. हा पैसा घ्यायचा तर संस्थेकडे १२ ए, ८० जी, तीन वर्षांचे काम आणि सीएसआर-१ नोंदणी हवी. त्या नोंदणीला फी नाही, सीएची प्रमाणित सही लागते. इथेही अट तीच: कंपनी आधीच काम ठरवून आली असेल तर कारभारी गटाला नाही म्हणण्याचा अधिकार आहे, हे पहिल्या पत्रात लिहा. फलक, उद्घाटन, टोप्या यांच्यासाठी गावाचा एक दिवस मोडणार असेल तर त्या दिवसाची मजुरी कंपनीच्या खर्चात मागा.

फसवणूक अशी ओळखा

- ‘१० टक्के आगाऊ द्या, सीएसआरचे ५० लाख मिळवून देतो.’ कोणतीही कंपनी असे पैसे घेत नाही.
- ‘८० जी ची सरकारी फी पंचवीस हजार.’ सरकारी फी नाही. ते सल्लागाराचे मानधन आहे, तसे लिहून मागा.
- तयार, नोंदणीकृत पण बंद पडलेला ट्रस्ट विकत घ्या म्हणणारा. त्याची जुनी देणी आणि थकलेली विवरणपत्रे तुमच्या गळ्यात येतात.
- पावतीपुस्तकावर नोंदणी क्रमांक नाही, पण ‘करसवलत उपलब्ध’ छापलेले. अशा पावतीने सवलत मिळत नाही. संस्थेने प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवरून काढलेले देणगी प्रमाणपत्र मागा. ते साधारण ३१ मेपर्यंत मिळायला हवे.

पहिल्या तीन महिन्यांत करायचे

पहिला महिना पैसे गोळा करू नका. ग्रामसंघाच्या बैठकीत आणि बेड्यावर जाऊन बसा. तुमच्याकडे किती रक्कम येऊ शकते ते सांगा आणि उत्तर लगेच मागू नका. या महिन्याचा खर्च प्रवास आणि चहाचा.

दुसऱ्या महिन्यात कारभारी गट निवडा. पैसे कोणत्या खात्यात ठेवायचे ते गटाला ठरवू द्या. वरचा करार वाचून दाखवा, सह्या घ्या, आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पहिल्या बैठकीची मजुरी त्याच संध्याकाळी द्या. ती उधार ठेवू नका.

तिसऱ्या महिन्यात निधीतला फक्त चौथा भाग वापरून एक छोटे काम गटाकडून निवडून घ्या. पन्नास हजारांच्या आतले ठीक. चौकातल्या फळ्यावर किती आले, किती गेले, किती उरले हे लिहिले जाते का ते पाहा. कोण बोलले नाही ते आठवा आणि पुढच्या बैठकीआधी त्याच्या घरी जा. निवडलेले काम तुम्हाला क्षुल्लक वाटेल. स्मशानभूमीत एक नळ, बेड्यावर एक दिवा, पाच मुलींच्या दाखल्यांचा खर्च. गावाने तोच निवडला असेल तर पैसे त्याच आठवड्यात द्या. तुमचा शब्द खरा आहे की नाही हे गाव याच एका गोष्टीवरून ठरवते, आणि पुढच्या वर्षी मोठे काम मागायचे की नाही हेही.